कोपरा कापलेलं पत्र

माझं आजवरचं सगळं लिखाण लोकांनी दारातच फाडून टाकलेलं आहे. त्याबद्दल तक्रार नाही, ती पद्धतच आहे. मयताचं पत्र घरात ठेवत नाहीत. पोस्टमनने दिलेल्या कार्डाचा कोपरा कापलेला दिसला, की माणूस उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहून वाचतो. कोण गेलं, कधी गेलं, बारावं कधी, एवढं बघतो आणि तिथल्या तिथे चार तुकडे करतो. अशी तीनशेच्या वर पत्रं मी लिहिली असतील. इतका फाडला गेलेला लेखक भांडुपमध्ये तरी दुसरा नसावा.

मी राजाराम. चाळीत मला मास्तर म्हणतात, पण शाळेत मी एक दिवसही शिकवलेलं नाही. गिरणीच्या हजेरीखात्यात कारकून होतो. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली, तेव्हापासून एका कारखान्याच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांची नोंद करतो. अक्षर मात्र देवाने चांगलं दिलं आणि तिथेच माझं डोकं फिरलं. आमची चाळ सगळी कोकणातली. लग्नाचं, बारशाचं पत्र कोणीही खरडतो, पण मयताचं पत्र लिहायचं म्हटलं की भल्याभल्यांचं पेन अडतं. मग मास्तरांना हाक. हाक मारणाऱ्याचा आवाज बसलेला असला, की मी पेनात शाई भरूनच घराबाहेर पडायचो. खोटं कशाला बोलू, आतून जरा बरंही वाटायचं.

माझी कामाची एक पद्धत होती. आधी कच्चं, मग पक्कं. घरातलं माणूस रडत रडत जे बोलेल ते जसंच्या तसं एका कागदावर उतरवून घ्यायचं, ते कच्चं. मग आपल्या खोलीत येऊन दार लावून बसायचं आणि दुसऱ्या कागदावर त्याचं पक्कं करायचं. कच्च्यात 'आई गेली' असलं तर पक्क्यात 'मातृछत्र हरपले'. कच्च्यात 'आम्ही लई रडतो' असलं तर पक्क्यात 'आम्ही शोकसागरात बुडालो आहोत'. गेलेला माणूस रोज पिऊन गटारात पडणारा का असेना, माझ्या पत्रात तो मनमिळाऊ, कष्टाळू आणि सर्वांना हवाहवासा व्हायचा. शेवटी कात्रीने पत्राचा कोपरा कापायचा. कच्चे कागद मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायचो. वाटायचं, पुढेमागे कोणी अभ्यास करेल.

माझी बायको सुगंधा या सगळ्याला हसायची. "अहो, तुमचं पत्र वाचून मेलेला माणूस उठून बसेल आणि विचारेल, हे कोण हो गेलं?" मी म्हणायचो, तुला साहित्यातलं कळत नाही. ती म्हणायची, "मला कालवणातलं कळतं. एवढा मसाला घातला तर आत मासा होता की नाही तेच कळायचं नाही." आणि वर एक धमकी, "माझ्या वेळेला असलं काही लिहाल ना, तर भूत होऊन येईन आणि पेन मोडीन."

शहाऐंशीच्या डिसेंबरात ती गेली. सकाळी चहा ठेवला, छातीत दुखतंय म्हणाली, खाली बसली. शेजारचा कुंडलिक स्वतःची रिक्षा काढायला धावला. रिक्षा चाळीच्या तोंडाशी आली तोवर सगळं आटपलं होतं. गॅसवर चहा उकळून करपला आणि तो वास दोन दिवस खोलीत होता.

मी रडलो नाही. अग्नी दिला, आंघोळ केली, आलेल्यांना नमस्कार केला, सगळं रीतसर. डोळे कोरडे ठणठणीत. पहिल्या दिवशी लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, धक्का बसलाय. पाचव्या दिवशी चाळीने मला रडवायचं काम अंगावर घेतलं.

समोरच्या खोलीतल्या शांताबाई मालवणकडच्या. वयाने मोठ्या, त्यामुळे मला अरेतुरे करतात. त्या रोज येऊन पुढ्यात बसायच्या. "राजाराम, रड रे बाबा. रडलंस नाय तर छातीत बसतला." मग सुगंधाच्या एकेक आठवणी काढायच्या. ती खोबरं कसं वाटायची, कोणाच्या बाळंतपणात किती रात्री जागली. बोलता बोलता त्यांचाच पदर भिजायचा, आणि शेवटी मीच उठून त्यांना पाणी द्यायचो. कुंडलिक म्हणाला, "मास्तर, व्हिडिओवर एक पिक्चर आणू का? झकास रडका आहे. माझी आई दोनदा रडली." मी नको म्हटलं, तर पाठीत एक गुद्दा घातला, म्हणाला कधी कधी असं हलवलं की सुटतं. पाठ दुखली. रडू काही सुटलं नाही.

मीसुद्धा प्रयत्न केला, नाही असं नाही. तिच्या हिरव्या बांगड्या हातात घेऊन बसलो. आता येईल, आता येईल म्हणून वाट बघत होतो, तर डोक्यात वाक्य उमटलं, 'सौभाग्याची ही कंकणे आज मूक झाली.' आणि माझा नालायकपणा बघा, मनात आलं, वा, छान आहे, लिहून ठेवायला हवं. बायको जाऊन पाच दिवस झाले नाहीत आणि हा गृहस्थ पेन शोधतोय! बांगड्या परत फडताळात ठेवल्या. त्या दिवशी मला स्वतःची खरोखर किळस आली.

सहाव्या दिवशी जावयाचं, नंदूचं, पत्र आलं. आमची एकुलती एक मुलगी अनुपमा कणकवलीजवळ दिलेली. आई गेल्याची तार तिला मिळाली होती, पण तिला आठवा महिना, डॉक्टरांनी एस.टी.चा प्रवास करू नका म्हणून बजावलेलं. नंदू मोजकं लिहितो. 'अनू रडत नाही आणि जेवतही नाही. भिंतीकडे बघत बसते. डॉक्टर म्हणतात, असं राहिली तर पोटातल्या बाळाला धोका आहे. आमचं कोणाचं ऐकत नाही. रोज पोस्टमनची वाट बघते. बाबा, तुम्ही चार ओळी लिहा. तुमचं ऐकेल.'

म्हणजे बघा, पोर माझ्यावरच गेली होती, तीही कोरडीच. फरक एवढाच, की माझ्या पोटात बाळ नव्हतं.

चार ओळी. तीनशे पत्रं लिहिलेला माणूस मी, चार ओळींना कितीसा वेळ लागणार? बसलो. 'चि. अनुपमा हिस, लिहिण्यास अत्यंत दुःख होते की, निष्ठुर काळाने आपल्या कुटुंबावर घाला घालून...' इथे सुगंधाचं हसू ऐकू आलं. अगदी मोरीतून आल्यासारखं. फाडलं. दुसरं घेतलं. 'मातृछत्र हरपल्याने...' फाडलं. तिसऱ्यात लिहिलं, 'बाळ, धीर धर,' आणि पुढे काय लिहायचं ते कळेना, कारण तो कुठे धरतात ते मलाच माहीत नव्हतं. दोन दिवसांत नऊ पत्रं फाडली. आजवर लोकांकडे असलेलं हे काम आता माझं मीच करत होतो. आणि तिकडे पोर उपाशी बसलेली. डोळ्यापुढून तो आठवा महिना हलत नव्हता.

आठव्या दिवशी दुपारी मंजुळा आली. ही भांडुप गावातली कोळीण. खाडीतले निवटे, चिंबोऱ्या घेऊन वीस-पंचवीस वर्षं आमच्या चाळीत येते. सुगंधाचं आणि तिचं भावावरून रोज कडाक्याचं भांडण व्हायचं. मंजुळा पाटी उचलून रागाने जिन्यापर्यंत जायची, सुगंधा आत यायची, मग दोघीही परत फिरायच्या. भांडण झालं नाही तर सुगंधाला दिवसभर चुकल्यासारखं व्हायचं. आज मंजुळाने पाटी आणलीच नव्हती. उंबऱ्याशी टेकली.

"आठ दिस झालं मास्तर," ती म्हणाली, "भांडाया कोन नाय. दुसऱ्या बायका सांगंल त्या भावात घेतात. काय मजा नाय."

शांताबाई दारातच होत्या, त्यांनी तिला माझी सगळी केस ऐकवली. रडत नाही, नीट जेवत नाही, तिकडे लेकीचं असं, आणि पत्रही लिहून होत नाही. मंजुळाने ऐकून घेतलं आणि कमरेची पिशवी सोडली. त्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला.

"ह्यो वाचा. तुमीच लिवलाव. तुमचंच औषद हाय."

तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा चंदर वारला, तेव्हा तिचा मुलगा धर्मा मस्कतला नोकरीला होता. त्याला कळवायचं पत्र मीच लिहून पाकिटात घालून टाकलं होतं. मंजुळा म्हणाली, धर्माने ते फाडलं नाही. लोकांनी फाड म्हणून सांगितलं तरी उशीखाली ठेवलं. आता सुटीवर आला तेव्हा बरोबर घेऊन आला. तिला वाचता येत नाही, म्हणून रोज संध्याकाळी तो तिला वाचून दाखवतो. "म्हनतो, आये, तिकडं ह्या कागदानं मला धरून ठेवलान."

अहाहा! काय सांगू, सुतकात बसलेला माणूस मी, पण छाती फुगली. तीनशेतलं एक तरी टिकलं! एका माणसाने तरी रीत मोडून माझं लिखाण जपलं! शांताबाईंकडे मी जरा अशा नजरेने बघितलं, की ऐका, ऐकताय ना. कागदाचा एक कोपरा कापलेला होता, मीच कापलेला. चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायच्या तयारीने उघडला.

ते कच्चं होतं.

माझंच घाईचं अक्षर, मंजुळाची बोली, मध्ये शाईचा डाग. दोन्ही कागद एकाच पॅडचे. त्या दिवशी पक्कं लिहून झाल्यावर मी भलत्याच कागदाचा कोपरा कापून पाकिटात कोंबला होता आणि आपलं सोन्यासारखं पक्कं डब्यात टाकलं होतं. त्यात माझा एक शब्द म्हणाल तर नव्हता. नाही, होता. समासात मी पक्क्यासाठी सूचना लिहून ठेवल्या होत्या.

पत्र असं होतं:

'धर्मा, तुजा बाबूस गेला. सोमवारी सकाळी गेला. जालं शिवीत बसला व्हता, बसल्या जागी मान टाकली. तरास झाला नाय. मी लई रडले. मला धराया इथं बायका हायत. तू तिकडं एकला हायस, तुला कोन धरंल? म्हनून सांगते. आदी जेव. उपाशी पोटी रडलास तं चक्कर येते. जेव, मंग रड. लोकांपुडं लाज वाटली तं न्हानीत जा आनि नल सोड. आवाज काडून रड. तुजा बाबूस पन रडायचा. तुला इमानात बसवून आला तवा खाडीवर जाऊन रडला, मला म्हनला डोल्यात पानी उडलं. रडून झालं का तोंड धू आनि कामाला जा. उद्या परत येईल रडू. येऊ दे. ते एका दिसात संपत नाय. मी पन इथं रोज थोडं थोडं रडते. आपन दोगं मिलून संपवू.'

'आवाज काढून रड' याच्या शेजारी समासात माझी सूचना, 'अश्रूंना वाट मोकळी करून दे, असे करणे.' नळाच्या शेजारी, 'हे बरे दिसत नाही.' आणि शेवटच्या वाक्यापुढे दोन रेघा मारून, 'अर्थ लागत नाही. गाळणे.'

"ते बाजूला बारीक काय लिवलंय, ते धर्माला कललं नाय," मंजुळा म्हणाली. "म्हनला, मास्तर शाई चालते का बगत असतील."

मला हसू आलं. खरंच आलं. हसायला तोंड उघडलं आणि आतून भलताच आवाज निघाला. मी वाकलो. कागद भिजू नये म्हणून मंजुळाने तो आधी माझ्या हातातून काढून घेतला, मग माझ्या पाठीवर हात ठेवला. मी सुगंधाला हाका मारल्या. तिचं नाव चारचौघांत मी कधी घेतलं नव्हतं, ते त्या दिवशी चाळीने पंधरावीस वेळा ऐकलं. चहा करपला तेव्हा मी गॅससुद्धा बंद केला नाही गं, असं काहीतरी ओरडत होतो. दुःख झालं होतं हो मला. आठ दिवस ते माझ्या वाक्यांच्या खाली दबून पडलं होतं.

बाहेर शांताबाईंनी गॅलरीत जाऊन जाहीर केलं, "रडलो गे, मास्तर रडलो!" खालून कुंडलिकचा आवाज आला, "काय सांगता! वा!" कोणाच्या घरी मुलगा झाल्यासारखा आनंद. मी मोरीत जाऊन नळ सोडला, तर नळ कोरडा. आमच्याकडे पाणी सकाळी सहा ते साडेसात. म्हणजे आमच्या चाळीत पत्राप्रमाणे रडायचं तर महानगरपालिकेची वेळ पाळायला हवी होती. तसाच उघड्यावर रडलो.

"जेवलाव का?" मंजुळाने विचारलं. मी नाही म्हटलं. "तं उलटं केलाव तुमी," ती रागावली. "आदी जेवायचं असतं." शांताबाईंनी गरम पेज आणि लोणचं आणलं. दोघींनी समोर बसून मला वाडगाभर पेज प्यायला लावली आणि पुन्हा रडू आलं तेव्हा दोघींपैकी कोणीही 'पुरे' म्हणालं नाही.

त्या गेल्यावर मी डबा उघडला. धर्मासाठी लिहिलेलं पक्कं तिथे होतंच, घडी मोडलेली नाही, चारही कोपरे शाबूत. 'पितृछत्र हरपल्याने शोकाकुल झालेल्या तुझ्या अंतःकरणास...' हे जर मस्कतला गेलं असतं, तर त्या पोराला कोणी धरलं असतं? माझ्या फार जपलेल्या त्या कागदाचे मी चार तुकडे केले. उंबऱ्याबाहेर उभं राहून, रीतीप्रमाणे.

मग नवीन कागद घेतला आणि लिहिलं.

'अनू, आई गेली. चहा ठेवत होती. फार त्रास झाला नाही. मी आठ दिवस रडलो नाही, आज रडलो, फार वेळ रडलो. तू तिकडे आहेस, मला तुला जवळ घेता येत नाही. म्हणून सांगतो. आधी जेव. बाळ आहे, उपाशी पोटी रडायचं नाही. चार घास खा, मग रड. आवाज काढून रड. सासूबाईंची लाज वाटली तर गोठ्यात जा. तुझी पाठवणी करून आलो तेव्हा आई चार दिवस मासळी घ्यायला विसरली, मंजुळा दारावर येऊन भांडून गेली, तरी आई भांडली नाही. तुला हे कधी सांगितलं नव्हतं. उद्या परत रडू येईल. येऊ दे. मी इथे रोज थोडं रडेन, तू तिथे थोडं रड. आपण दोघं मिळून संपवू. हे शेवटचं मंजुळाचं आहे. तिला विचारून घेतलेलं नाही.'

सवयीने कात्री उचलली. कात्रीचं तोंड कागदावर ठेवलं, आणि मग ती खाली ठेवली. कोपरा कापला नाही. पक्कंही केलं नाही. तसंच पाकिटात घालून स्टेशनजवळच्या पेटीत टाकून आलो, आणि पेटीत टाकल्यावर मला नेहमीसारखं ते घाणेरडं समाधान वाटलं नाही. फक्त भीती वाटली.

तेराव्यानंतर कामावर जायला लागलो. अठराव्या दिवशी सकाळी ड्यूटीवर निघताना दारात पोस्टमन, आदल्या दिवशी आमचं दार बंद मिळालं म्हणून कामावर जाता जाता पत्र द्यायला आलेला. अनूचं अक्षर.

'बाबा, पत्र मिळालं. सासूबाई म्हणाल्या, फाडून टाक. मी म्हटलं, कोपरा कुठे कापलाय? मग त्या चुलीकडे गेल्या. पेज प्यायले, भात खाल्ला, मग गोठ्यात गेले. म्हैस बिचकली. एवढी रडले की सासूबाई आत येऊन माझ्याबरोबर रडायला लागल्या, त्यांची आई गेली त्याला वीस वर्षं झाली. आता रोज जेवते. बाळ फार लाथा मारतं. बाबा, एक विचारू? अक्षर तुमचं आहे, पण पत्र तुमचं वाटत नाही. मला सारखं वाटतंय की आईने सांगितलं आणि तुम्ही नुसतं उतरवून घेतलंत.'

तीनशे पत्रांत मला आलेली ही पहिली पोच. लेखक म्हणून माझी वाट लागली ती तिथेच.

पत्र मी घरात घेतलं आणि तिच्या बांगड्यांशेजारी फडताळात ठेवलं. सात वाजून दहा मिनिटं झाली होती, पाणी जायला अजून वीस मिनिटं होती. मोरीत गेलो, नळ सोडला. त्या दिवसापुरतं रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि कामावर गेलो.